अभयारण्य ओहोटीचं, पाखरं भरतीचीही : ठाणे खाडीचं एक प्रकरण

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याचा नकाशा पाहिला की हद्द चटकन समजते. वर ऐरोलीचा पूल, खाली वाशीचा पूल, मधे मुंबईच्या काठाची ८९६ हेक्टर कांदळवनं आणि ७९४ हेक्टर पाणी. एकूण १,६९० हेक्टर. राज्य सरकारने २०१५ साली हे क्षेत्र अधिसूचित केलं. मालवणनंतरचं हे महाराष्ट्रातलं दुसरं सागरी अभयारण्य. पुढे २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, तेव्हा धरलेलं क्षेत्र मात्र ६,५२१ हेक्टर होतं, म्हणजे जवळपास चौपट. खाडी तीच आणि पाखरंही तीच. तरी कायद्याने राखायची खाडी एवढीशी आणि आंतरराष्ट्रीय यादीतली खाडी केवढी तरी मोठी, हे अंतर कशामुळे पडलं, ते तपासण्यासाठी हे प्रकरण घेतलं आहे.

प्रश्न मुद्दाम बारीक ठेवला आहे : भरती आली की फ्लेमिंगो कुठे जातात? या एका प्रश्नामुळे अभयारण्याचं व्यवस्थापन आणि त्यामागचं संशोधन दोन्ही कसं हललं, आणि कुठे अजून जागचं हललेलं नाही, हे पाहायचं आहे.

पाण्याचं वेळापत्रक

मुंबईत दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. उधाणाच्या दिवसांत पाणी चार मीटरांच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त चढउतार करतं. ठाण्याकडे खाडी अरुंद आणि उथळ आहे, तुर्भ्याकडे, म्हणजे ट्रॉम्बेकडे, ती रुंद होत बंदरात मिसळते. ओहोटीला दोन्ही काठांना मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो. फ्लेमिंगोंचं ताट म्हणजे हा चिखल. इथे त्यांच्या दोन जाती येतात. लहान फ्लेमिंगो चोच उलटी करून, जिभेने पाणी आतबाहेर खेचत त्यातलं शेवाळ आणि सूक्ष्म वनस्पती गाळून खातो. मोठा फ्लेमिंगो त्याच चिखलातले किडे आणि बारीक कोळंबीवर्गीय जीव वेचतो. दोघांनाही पाणी हवं, पण घोट्या-गुडघ्याइतकं.

भरतीला चिखल बुडतो. पुढचे काही तास पाखरांना ना खायला जागा, ना उभं राहायला. मग थवे उठतात आणि पलीकडे नवी मुंबईच्या तळ्यांवर, पाणथळींवर जाऊन एका पायावर झोपा काढतात. नेरुळची डीपीएस शाळेमागची पाणथळ, सीवूड्सजवळच्या एनआरआय संकुल आणि टी. एस. चाणक्य संस्थेलगतच्या पाणथळी, शिवाय उरणकडचं पाणजे. पाणी उतरलं की परत चिखलावर. दिवसा हे कोणालाही दिसतं, नेरुळच्या इमारतींच्या गच्चीवरून तर फारच छान दिसतं. पण यातली एकही जागा २०१५ च्या हद्दीत नाही. शिवडीचा चिखल, जिथे मुंबईकरांनी नव्वदच्या दशकात फ्लेमिंगो पहिल्यांदा मोठ्या संख्येने पाहिले, तोही हद्दीबाहेरच राहिला.

म्हणजे अभयारण्याने पाखरांचा अर्धा दिवस राखला. उरलेला अर्धा दिवस सिडको, महापालिका, बंदर, शाळा, गृहसंकुलं अशा नाना मालकांच्या जमिनीवर जातो. सीवूड्समधल्या पाणथळीवर गोल्फ कोर्स आणि घरं बांधण्यावरून झालेला वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तो याच अर्ध्या दिवसाचा होता.

यात हद्द आखणाऱ्यांची चूक काढण्यात फारसा अर्थ नाही. सरकारी कांदळवन आणि खाडीचं पाणी अधिसूचित करणं सोपं होतं, ते त्यांनी केलं. खाजगी दावे असलेल्या तळ्यांना हात लावला असता तर अभयारण्य अजून फायलीतच असतं.

मोजणी कशाची?

सागरी संरक्षित क्षेत्रांवर काम करणाऱ्यांची पहिली सवय म्हणजे मोजणं. किती हेक्टर, किती पाखरं, किती जाती. जागतिक जैवविविधता कराराची २०२० सालापर्यंतची उद्दिष्टं समुद्राचे दहा टक्के राखण्याची होती, २०२२ च्या मॉन्ट्रियल परिषदेनंतर ती २०३० पर्यंत तीस टक्क्यांवर गेली. हेक्टरचा आकडा वाढवण्याची घाई त्यातून येते. ठाणे खाडीत मात्र हेक्टर पुरे पडले नाहीत, म्हणून मोजणीची रीत समजून घ्यायला हवी.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा इथला दहा वर्षांचा अभ्यास २०१८ मध्ये सुरू झाला, मुख्यतः शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूच्या निमित्ताने. पुलाचं कामही त्याच सुमारास सुरू झालं. या अभ्यासातून फ्लेमिंगोंचे जे अंदाज पुढे आले ते काही मोसमांत लाखाच्या वर गेले. आकडा भव्य आहे आणि तो वर्तमानपत्रांना आवडतो. पण तो येतो कसा?

ओहोटी पूर्ण झाली की होडी खाडीत जाऊच शकत नाही, चिखलात रुतते. भरती पूर्ण असली तर मोजायला पाखरं नाहीत. म्हणून मोजणारे उतरत्या पाण्याबरोबर निघतात. पाण्याची कड जसजशी मागे सरकते तसतसे थवे त्या कडेवर ओळीने उतरतात आणि होडी त्यांच्यापासून अंतर राखत चालते. एकेक पाखरू मोजणं शक्य नसतं. आधी दहांचा एक गठ्ठा डोळ्यांत बसवायचा, मग शंभरांचा, मग तेवढ्या मापाने ओळ मोजत जायचं. बाजूला दुसरा माणूस फोटो काढतो, नंतर पडद्यावर त्यातल्या ठिपक्यांशी ताळा घालतात. इतक्यात कोणाची तरी मोटरबोट येते, हजारभर पाखरं उठतात आणि पुढच्या टप्प्यात जाऊन बसतात. ती पुन्हा मोजली गेली की आकडा फुगतो. त्यावर उपाय म्हणजे खाडीच्या अनेक ठिकाणांवर एकाच वेळी माणसं बसवणं. त्याला माणसं लागतात, ओळखणारे डोळे लागतात आणि सगळ्यांची घड्याळं लावून घ्यावी लागतात. हे सगळं जमवलं तरी जे हाती येतं ते एका ओहोटीचं चित्र असतं.

म्हणून मोसमी मोजणीच्या आकड्यावरून ‘अभयारण्य यशस्वी’ असा निष्कर्ष काढणं मला पटत नाही. फ्लेमिंगो इथे येऊ लागले ते अभयारण्याच्या वीसएक वर्षं आधी. त्यांच्या वाढीचं एक स्पष्टीकरण अभ्यासक मांडत आले आहेत ते असं की, दोन्ही काठांच्या शहरांचं सांडपाणी खाडीत येतं, त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ माजतं, आणि लहान फ्लेमिंगोला तेच हवं असतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखानेही याच पाण्याच्या काठी आहेत. हे स्पष्टीकरण खरं असेल तर फ्लेमिंगोंचा आकडा काही अंशी आपल्या मैल्याचा आकडा आहे. उद्या महापालिकांनी सांडपाणी नीट शुद्ध करून सोडलं आणि पाखरं कमी झाली, तर ते अपयश म्हणायचं का? माझ्या मते मुळीच नाही. पण व्यवस्थापनाने आधीच ठरवलेलं नसेल की आपण काय राखतो आहोत, तर त्या वर्षी गोंधळ उडणार हे नक्की.

यावर संशोधनाच्या बाजूने उत्तर आहे : एकाच देखण्या पाखरावर सगळा भार टाकायचा नाही. चिखलातले किडे-शिंपले ठरावीक चौकटी टाकून मोजायचे, पाण्यातला प्राणवायू आणि गाळातले धातू तपासायचे, हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या छोट्या चिखलपक्ष्यांची नोंद ठेवायची, कारण ते शेवाळावर जगत नाहीत, किड्यांवर जगतात. फ्लेमिंगो वाढले आणि छोटे पक्षी घटले तर चिखलाची तब्येत बिघडते आहे, अशी शंका घ्यायला जागा राहते. दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय एकालाही अर्थ नाही.

पुलाच्या परिणामाचं तर आणखीच अवघड. असे अभ्यास एरवी आधी-नंतर आणि बाधित-अबाधित अशा दुहेरी चौकटीत करतात. काम सुरू होण्यापूर्वीची काही वर्षं हवीत आणि पुलाचा परिणाम न होणारी, पण बाकी सारखी असलेली दुसरी जागा हवी. इथे सलग आणि एकाच रीतीने गोळा केलेलं ‘आधी’ तोकडं आहे, कारण दीर्घ अभ्यास आणि काम हातात हात घालून आले. आणि खाडीचं पाणी एकच असल्यामुळे खरी ‘अबाधित’ जागा शोधायची कुठे? १२ जानेवारी २०२४ ला या पुलाचं, म्हणजे अटल सेतूचं, उद्घाटन झालं. शिवडीजवळ आवाज आणि दृश्य अडवणाऱ्या भिंती लावल्या आहेत. त्यांनी किती फरक पडला ते ठामपणे सांगायला आधीची बाजू भक्कम हवी होती. पुढच्या प्रत्येक प्रकल्पाला इथून एक सरळ अट लावता येईल : कुदळ मारण्याआधी किमान तीन मोसमांच्या नोंदी.

तिवरं वाढली, चिखल आक्रसला

एक बाजूचा मुद्दा, पण टाळता येत नाही. खाडीत गाळ साचतो आहे आणि साचलेल्या गाळावर तिवरं पुढे सरकत आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर घाला ठरवला, ते योग्यच झालं. तिवरांमुळे काठ टिकतो, माशांची पिल्लं वाढतात. पण झाड उभं राहिलं की तिथला उघडा चिखल गेला, आणि फ्लेमिंगो झाडीत उतरत नाही. एकाच अभयारण्यातली दोन संरक्षित मूल्यं एकमेकांची जागा खातात तेव्हा कोणाच्या बाजूने उभं राहायचं? झाडं तोडायला कोणी धजणार नाही, आणि धजूही नये. निदान उपग्रहचित्रांवरून दर काही वर्षांनी तिवरांची कड कुठे पोचली आणि उघडा चिखल किती उरला, याची नोंद मोजणीच्या आकड्याशेजारी छापायला हरकत नाही.

कोळ्यांचं गणित

भरतीचा हिशेब खाडीकाठच्या कोळ्यांना कोणी शिकवावा लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दोनचार घटका इकडेतिकडे होतात, पण डोल जाळं लावायला तेवढं पुरतं. उधाणाला कुठल्या चिखलावर पाणी आधी चढतं, भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत कुठला पट्टा बुडतच नाही, बोय कुठे, निवटे कुठे, चिंबोऱ्यांची बिळं कुठे, हे भांडुप, विटावा, दिवा, वाशी, तुर्भ्याच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतं. जिताडा पूर्वी कुठे मिळायचा आणि कधीपासून मिळेनासा झाला, याचाही माग त्यांच्याकडेच आहे. संशोधकाच्या वहीत तो काळ नसतो, कारण तेव्हा संशोधकच नव्हता.

वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्य करताना जिल्हाधिकाऱ्यांनी तिथल्या लोकांच्या हक्कांची चौकशी करायची असते. मालवणला १९८७ साली २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, पण मच्छीमारांचा विश्वास बसला नाही आणि कित्येक वर्षं ते कागदावरच राहिलं. ठाणे खाडीत तो धडा काही प्रमाणात घेतला गेला. पारंपरिक मासेमारीला धक्का लागणार नाही असं वनविभागाने सुरुवातीपासून सांगितलं, ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो दाखवायला होड्या सोडायला लागले, तिथे स्थानिकांना काम मिळालं.

पण होडी चालवायला माणूस घेणं आणि त्याचं ज्ञान नोंदीत घेणं यांत फरक आहे. पर्यटकांच्या होडीवरचा तांडेल दर मोसमात जवळजवळ रोज त्याच मार्गाने जातो. कोणत्या तिथीला, पाणी किती असताना, कुठल्या खांबाजवळ थवा होता, ही एवढी नोंद त्याने मोबाइलवर बोलून ठेवली तरी वर्षाकाठी जो साठा जमेल तो अनेक मोजण्यांतून मिळणार नाही. त्यासाठी त्याला मानधन द्यायला हवं आणि अहवालात त्याचं नाव यायला हवं. फुकटात घेतलेल्या माहितीवर चालणारं ‘लोकसहभागी संशोधन’ हा शब्द मला फसवा वाटतो.

पाखराच्या पाठीवरचं यंत्र

भरतीच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर मिळायला पाखराच्याच मागे जावं लागलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने काही फ्लेमिंगोंच्या पायात अक्षरांची कडी घातली, आणि २०२२ मध्ये सहा पाखरांवर उपग्रहाच्या मदतीने जागा कळवणारी यंत्रं बसवली. कड्याचा फायदा असा की, ते वाचायला दुर्बीण असलेला कोणीही पक्षीवेडा चालतो. तोटा असा की, पाखरू जिथे माणूस बघतो तिथेच ‘दिसतं’. यंत्र रात्रीही सांगतं. त्यातून पाखरं गुजरातपर्यंत जाऊन येतात हे स्पष्ट झालं. मुंबई हा त्यांच्या वर्षाचा एक मुक्काम, पिल्लं काढायला कच्छचं रण. सहा पाखरांवरून लाखाबद्दल बोलताना जपून बोलावं लागतं, हे खरंच. तरीही एकेका पाखराचा खाडी ते तळं आणि तळं ते खाडी हा रोजचा फेरा नकाशावर रेघेने उमटला की वाद घालणाऱ्याला वेगळं बोलावं लागतं. ‘पाखरं कुठेही बसतील’ हे वाक्य त्यानंतर टिकत नाही.

अशाच कामातून सोसायटीने अभयारण्याच्या उपग्रह-पाणथळींची, म्हणजे सोबतच्या पाणथळींची, कल्पना मांडली. भांडुप पंपिंग स्टेशन, टी. एस. चाणक्य, एनआरआय, पाणजे, बेलपाडा, भेंडखळ या सहा जागा अभयारण्याशी जोडून सांभाळाव्यात असं तिचं म्हणणं. नवी मुंबई विमानतळाच्या संदर्भात याला आणखी धार येते. या जागा बुजल्या तर पाखरं नाहीशी होत नाहीत, दुसरी सपाट, ओली जागा शोधतात, आणि ती धावपट्टीच्या आसपासची असू शकते. विमानाच्या सुरक्षेसाठी पाणथळ राखा, हे तर्कट वाटेल, पण मला तरी फ्लेमिंगोंच्या बाजूचा सगळ्यात व्यवहारी युक्तिवाद हाच वाटतो.

२० मे २०२४

त्या रात्री पावणेनऊच्या सुमारास घाटकोपरच्या पंतनगर परिसरावर फ्लेमिंगोंचा थवा दुबईहून उतरणाऱ्या विमानाला धडकला. विमान सुखरूप उतरलं, तीसहून अधिक पाखरं मेली. कारणांवर खूप लिहिलं गेलं. इथे फक्त एक गणित मांडतो. २३ मे ला बुद्धपौर्णिमा होती. म्हणजे २० ला द्वादशी-त्रयोदशी, आणि पाऊणपटीच्या हिशेबाने भरती पूर्ण होण्याची वेळ नऊ ते पावणेदहा. पाणी चढत होतं, चिखल बुडत होता, ऐन त्या वेळी थवा हवेत होता.

यावरून काही सिद्ध होत नाही. मे अखेर हा गुजरातकडे परतण्याचाही काळ, आणि लांबचा प्रवास फ्लेमिंगो बहुतेक रात्री करतात. तेव्हा तो थवा तळ्याकडे निघाला होता की कच्छकडे, हे मेलेली पाखरं सांगू शकत नाहीत. त्याच मोसमात नेरुळच्या डीपीएस तळ्यात खाडीचं पाणी येण्याच्या वाटा बंद पडल्या होत्या, तळं आटलं होतं, आणि आसपास फ्लेमिंगो मरून पडल्याच्या बातम्या येत होत्या. हक्काची जागा गेल्यामुळे पाखरं रात्री वेगळ्या वाटेने भटकू लागली का? प्रश्न रास्त आहे आणि तपासता येण्यासारखा आहे. त्यासाठी भरतीच्या वेळी, रात्रीच्या नोंदी हव्यात, आणि मोसमी मोजणीत नेमक्या त्याच नाहीत.

हद्द वाढवायची की जाळं विणायचं?

अभयारण्याची हद्द बदलायला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते, आणि त्यात मालकी हक्कांचे दावे निस्तरायचे. ते वर्षानुवर्षांचं काम आहे. कायद्याच्या कलम ३६-अ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राची हलकी सोय आहे. जमीन सरकारी हवी, आजूबाजूच्या लोकांशी बोलणी झालेली हवीत, आणि अभयारण्याला लागून किंवा दोन संरक्षित जागांना जोडणारी जमीन असेल तर उत्तमच. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तळ्याच्या सुमारे ३० एकरांना याच मार्गाने जाण्याची मान्यता दिली. ओहोटीच्या अभयारण्याला भरतीची पहिली जोडजागा मिळण्याची ही वाट आहे.

दर्जा मिळाला तरी पाणी आपोआप येत नाही. हे तळं जिवंत राहतं ते खाडीचं पाणी भरतीला आत आणि ओहोटीला बाहेर जात राहिलं तरच. नळ्या गाळाने बुजल्या, कोणी भराव टाकला, कोणी झडप बंद ठेवली, तर पाणी एक तर आटतं किंवा कुजतं. म्हणून इथल्या व्यवस्थापन आराखड्याची पहिली ओळ झडप कोण उघडणार आणि नळी कोण साफ करणार, ही असायला हवी. त्या माणसाला भरतीचं कोष्टक द्यावं, आणि पाण्याची खोली मोजायला काठावर एक रंगवलेली पट्टी रोवावी. रोजच्या दोन भरत्यांचं पाणी किती चढलं आणि त्या वेळी किती पाखरं होती, एवढे दोन आकडे वहीत उतरले तरी एका मोसमात कळेल की फ्लेमिंगोंना इथे किती पाणी लागतं. आज याचं उत्तर प्रत्येक जण अंदाजाने देतो.

आणि खाडीतल्या मोजणीच्या तक्त्यात एक रकाना वाढवावा : तिथी आणि पाण्याची अवस्था. ओहोटीला होडीवर जितकी माणसं पाठवतो, तितकीच भरतीला सहा उपग्रह-पाणथळींवर आणि डीपीएस तळ्यावर त्याच दिवशी बसवावीत. दोन्ही आकडे जवळपास जुळले तर आपल्याला जागा माहीत आहेत. भरतीचा आकडा बराच कमी भरला, तर पाखरं आपल्या यादीत नसलेल्या कुठल्यातरी जागी उभी आहेत, आणि ती जागा भराव पडण्याआधी शोधायची आहे.